पाण्याचा ओघ आणि हवेचा भार

'वेड पांघरून पेडगावास जाणें' ही म्हण महाराष्ट्रांत सर्वतोमुखी आहे. तींतलें पेडगाव भीमेच्या कांठचें, बहादूरगडाचें, हल्लींच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतलें होय असें समजतात. आम्हांस ज्या पेडगावाविषयीं येथें सांगावयाचें आहे तें निराळें. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, परभणी सोडल्यावर थोड्याच वेळानें लागणारें. तेथें आमच्या मेहुण्यांचें घर आहे. त्या पेडगावास आम्ही गेलों तें वेड पांघरून नव्हे, शहाणपण पांघरून गेलों. तें पांघरूण तेथें कसें गळून पडलें हें आधीं सांगितल्यावांचून पुढील ऐतिहासिक विवेचनास हात घालणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

मेहुण्यांच्या ओसरीवर माशांची एक काचेची पेटी आहे. आमच्या भाच्यानें ती मोठ्या हौसेनें परभणीहून आणविली. पेटी एका घडवंचीवर ठेविलेली असून हवेचा लहानसा विजेचा पंप खालीं फरशीवर असे. पंपापासून निघालेली करंगळीहूनही बारीक नळी पेटीच्या कांठावरून आंत उतरे आणि पाण्याच्या निम्म्या खोलीवर लोंबणाऱ्या एका सच्छिद्र दगडाशीं संपे. त्या दगडांतून बुडबुडे निघत आणि मासे त्यांच्या भोंवतीं फिरत. गेल्या पावसाळ्यांत आम्ही तेथें मुक्कामास असतां एका रात्रीं वादळी पाऊस झाला, वीज गेली, आणि सकाळीं पाहतात तों ओसरीवर पाण्याचें थारोळें, पेटी निम्मी रिकामी आणि तीन मासे मेलेले!

घरांत चौकशी सुरू झाली. सालगड्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा आदल्या संध्याकाळीं पेटीपाशीं रेंगाळतांना कोणीं तरी पाहिला होता; त्यानेंच कांहीं ओढाताण केली असली पाहिजे, असा एक पक्ष झाला. दुसरा पक्ष मेहुण्यांचा. ते म्हणाले, "दाजी, तुम्ही प्रोफेसर. बंगालच्या उपसागरांत कमी दाबाचा पट्टा झाला आहे असें काल बातम्यांत सांगत होते. हवेचा दाब उतरला म्हणून तर हें पाणी बाहेर आलें नसेल?" आमचा विषय इतिहास, पदार्थविज्ञानाशीं आमचा संबंध बारावीच्या परीक्षेबरोबर संपला. तथापि प्राध्यापकास प्रश्न विचारला आणि तो गप्प बसला असें सहसा घडत नाहीं. आम्हीं एक छोटेखानी व्याख्यानच दिलें. वक्रनळींतून पाणी कांठ ओलांडून जातें तें बाहेरची हवा त्यास ढकलते म्हणून. दाब उतरला तर हें ढकलणें कमी होईल, वाढणार नाहीं. सबब हें कृत्य हवेचें नव्हे. व्याख्यान सर्वांस पटलें. हवा निर्दोष ठरतांच दोष त्या मुलाच्या माथीं आला, आणि त्याच्या बापानें आमच्या देखत त्याच्या थोबाडींत दिली.

दुसऱ्या दिवशीं भाच्यानें पेटी पुन्हा कांठोकांठ भरली. दुपारीं वीज परत गेली. आम्ही ओसरीवर वाचीत बसलों होतों. तो मुलगा पेटीपासून चांगला दहा हात दूर, खांबाला टेकून उभा होता. तो एकदम म्हणाला, "सर, नळीत पाणी चढायलंय." पाहतों तों खरेंच. पंप थांबतांच नळींतल्या हवेचा जोर ओसरला होता; दगडाच्या छिद्रांतून पाणी नळींत शिरलें होतें, आणि पेटी अगदीं कांठापर्यंत भरलेली असल्यामुळें त्याच वेगांत तें कांठाचा बांक ओलांडून पलीकडे उतरलें होतें. थोड्याच वेळांत फरशीवरच्या पंपाच्या जुन्या सांध्यांतून पाण्याचे थेंब गळूं लागले. मग आम्हांस आदल्या सकाळची एक गोष्ट आठवली, जी सर्वांनीं पाहिली होती आणि जिचा अर्थ कोणीं विचारला नव्हता. पेटींतलें पाणी बरोबर त्या टांगलेल्या दगडाच्या पातळीवर येऊन थांबलें होतें. पाणी दगडाखालीं जातांच नळींत हवा शिरली आणि ओघ तुटला. मुलाच्या हातानें सांडलेलें पाणी असें मोजून थांबत नसतें, आणि वादळास तर तो दगड कोठें टांगला आहे हें ठाऊकही नसतें.

आमचा निष्कर्ष अर्धा बरोबर होता, पण त्यास आधार म्हणून दिलेलें शास्त्र चुकीचें होतें, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्यानें मोजली. तेंच शास्त्र आम्ही शाळेंत शिकलों, लाखो मुलें शिकलीं. तें आलें कोठून, आणि आपल्या देशांत ज्यांनीं पाण्याचे नळ खरोखर घातले त्यांस याविषयीं काय ठाऊक होतें, हा शोध घेण्याचें आमच्या मनानें तेव्हांपासून घेतलें.

आरंभीं थोडा हिशेब. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारें १०१३ मिलिबार असतो; तो पाण्याच्या सुमारें १०.३ मीटर उंच स्तंभाच्या भाराएवढा होतो. परभणीकडची भूमि समुद्रसपाटीपासून साडेतीनशें-चारशें मीटर उंच. तेथें हाच स्तंभ दहा मीटरांहून किंचित् कमी भरेल. कमी दाबाच्या पट्ट्यानें दाब दहा मिलिबारांनीं उतरला असें धरलें तर तो उतार दहा सेंटिमीटर पाण्याच्या थराएवढा. हा आंकडा ऐकून मेहुणे उठून बसले. माशांच्या पेटींत दहा सेंटिमीटर म्हणजे कांहीं थोडें नव्हे! परंतु दाब उतरतो तो पेटीवरचाही उतरतो आणि नळीच्या खालच्या तोंडावरचाही उतरतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखेंच वजन काढलें तर दांडी हलत नाहीं. पेटीची पातळी आणि फरशी यांमध्यें अर्ध्या मीटराचें अंतर धरलें, तर त्या दोन ठिकाणच्या हवेच्या दाबांतला फरक पाण्याच्या अर्ध्या मिलिमीटराच्या थराहून किंचित् अधिक, एवढाच भरतो. पाणी ओढलें जातें तें त्या अर्ध्या मीटराच्या उतारानें. हवेचें त्यांत निराळें काम आहे. तें पुढें येईल.

वक्रनळीची युक्ति फार जुनी आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरोनें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आपल्या 'न्युमॅटिका' ग्रंथांत तिचे अनेक प्रकार वर्णिले आहेत. त्यानंतर शतकानुशतकें विद्वानांनीं तिचें कारण एकाच वाक्यांत दिलें: निसर्गास पोकळी सोसत नाहीं, म्हणून पाणी पाण्याच्या पाठोपाठ जातें. या उत्तरास पहिला धक्का कोणा तत्त्ववेत्त्यानें दिला नाहीं. तो एका बंद पडलेल्या नळानें दिला. इटलींतील जिनोआचा जियोव्हानी बत्तिस्ता बालियानी यानें १६३० मध्यें गॅलिलिओस लिहिलें कीं, सुमारें एकवीस मीटर उंचीच्या टेंकडीवरून पाणी पलीकडे नेण्यासाठीं घातलेली वक्रनळी कांहीं केल्या चालत नाहीं. निसर्गास पोकळीचा तिटकारा असेल तर तो एकवीस मीटरांवर कां संपावा?

गॅलिलिओचें उत्तर असें कीं, पाण्याचा स्तंभ दोरखंडासारखा आहे. दोर फार लांब झाला म्हणजे आपल्याच भारानें तुटतो, तसें पाणी तुटतें. १६३८ च्या आपल्या ग्रंथांत पंपाच्या उंचीची मर्यादा त्यानें याच कल्पनेवर बसविली. बालियानीला मात्र वाटत होतें कीं, हवेस वजन आहे आणि सारें मर्म त्या वजनांत आहे. गुरूचें नांव मोठें असलें म्हणून त्याचा तर्क बरोबर असतोच असें नाहीं. रोममध्यें गास्पारो बेर्ती यानें आपल्या घराच्या भिंतीलगत उंच शिसाचा नळ उभा करून पाण्यावर प्रयोग केला. तोरिचेल्लीनें १६४३-४४ मध्यें पाण्याच्या जागीं पारा घेतला, आणि दोन मजली नळाचें काम हातभर कांचेच्या नळींत आणून ठेविलें. आपण सारे हवेच्या समुद्राच्या तळाशीं राहणारे प्राणी आहों, अशा आशयाचें त्याचें म्हणणें प्रसिद्ध आहे. माशांच्या पेटीसमोर बसून तें वाचलें म्हणजे त्याची खुमारी अधिकच कळते. १९ सप्टेंबर १६४८ रोजीं पास्कालच्या मेहुण्यानें, पेरिए यानें, फ्रान्समधील प्यूइ द डोम या डोंगरावर पारा चढवून नेला. माथ्यावर तो सुमारें तीन इंच खालीं उतरला. हवेचा समुद्र वरच्या बाजूस उथळ होत जातो हें त्या दिवशीं डोळ्यांनीं दिसलें. (मेहुण्यांच्या सांगण्यावरून विज्ञानाचे हे दोन प्रसंग घडावे, एक ओव्हर्न्यांत आणि एक पेडगावांत, यांत आम्हांस थोडें समाधान वाटतें.) आपल्याकडे हेंच दशक स्वराज्याच्या पहिल्या किल्ल्यांचें.

पास्कालचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्यें छापला गेला. पोकळीच्या तिटकाऱ्यानें जें जें म्हणून पूर्वीं समजावीत, तें तें सारें त्यानें हवेच्या भारानें समजाविलें. वक्रनळीही त्यांत आली. परंतु त्याच्या विवेचनांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, हवा दोन्ही बाजूंनीं दाबते, आणि दोन शाखांतील पाण्याच्या भारांतला फरक कोणत्या बाजूस वाहावयाचें तें ठरवितो. पुढें पाठ्यपुस्तकांसाठीं सारांश करणारे आले. त्यांनीं फरक गाळला आणि हवा ठेविली. ऑक्सफर्डच्या सुप्रसिद्ध इंग्रजी कोशांतही १९११ पासून वक्रनळी हवेच्या दाबानें चालते अशा आशयाची व्याख्या जवळजवळ शंभर वर्षें नांदली. ती चूक ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड तंत्रविज्ञान विद्यापीठाचे स्टीफन ह्यूज यांनीं २०१० मध्यें दाखवून दिली. पुढें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाब कमी करतां येणाऱ्या बंद खोलींत सुमारें दीड मीटर उंचीची वक्रनळी चालवून पाहिली. खोलींतील हवा विरळ होत होत चाळीस हजार फूट उंचीवरील हवेइतकी होऊं लागली तरी पाण्याचा वेग जवळजवळ तोच राहिला. त्यानंतर मात्र बांकापाशीं पाणी तुटलें. म्हणजे हवा ढकलीत नाहीं, ती पाण्याचा धागा तुटूं देत नाहीं. धागा अखंड असेतोंपर्यंत ओढण्याचें काम खालच्या शाखेंतील जड पाणी करतें. पाण्याचा दोरखंड म्हणणारा गॅलिलिओ कारणांत चुकला होता, पण चित्रांत तितकासा चुकला नव्हता, असें आतां म्हणावें लागतें.

हें झालें युरोपचें. पेडगावाहून परततांना आमची गाडी जालन्यावरून छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, येते. तेथें उतरून आम्ही मुद्दाम पाणचक्कीवर गेलों. लहानपणीं सहलीस गेलों होतों तेव्हां 'सायफन' हा शब्द आम्हीं प्रथम तेथेंच ऐकला होता. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही चक्की अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतली. शहराच्या उत्तरेकडील डोंगराजवळच्या झऱ्याचें पाणी जमिनीखालून खापरी नळांनीं कांहीं कोस आणून तें उंच भिंतीच्या माथ्यावर चढविलें आहे. तेथून तें खालीं कोसळतें, आणि त्याच्या जोरावर पूर्वीं जातें फिरून यात्रेकरूंसाठीं पीठ निघत असे. पाहणाऱ्यास अचंबा वाटतो तो पाणी भिंतीवर 'चढलें' याचा. परंतु येथें वक्रनळी उलटी आहे. पाणी आधीं खोल उतरतें आणि मग, मूळ झऱ्याच्या पातळीहून खालींच असलेल्या माथ्यापर्यंत वर येतें. अशा नळास हवेच्या दाबाची काडीइतकी गरज नाहीं. हवा नाहींशी झाली तरी पाणी त्या भिंतीवर चढेल. मात्र तें पाहावयास कोणी उरणार नाहीं.

या शहरास पाणी देण्याची मूळ योजना मलिक अंबराची. हबसाणांतून गुलाम म्हणून आलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्यें त्यानें खडकी वसविली, आणि पुढील दशकांत तिच्यासाठीं जी नहर खोदविली ती नहर-ए-अंबरी म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच सुमारास, १६१५ मध्यें, बऱ्हाणपुरास मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या अमदानींत कुंडी भंडाऱ्याचें काम झालें. दोन्हीकडे पद्धति इराणी करेझची. डोंगराच्या पायथ्याशीं मुरणारें पाणी भुयारांत झिरपूं द्यावयाचें, हलक्या उतारानें शहराकडे आणावयाचें, आणि वाटेंत ठिकठिकाणीं भुयारापासून जमिनीवरपर्यंत उभीं विवरें ठेवावयाचीं. मातीच्या थरांतून गाळलेलें पाणी भुयारांत येतें. निराळी गाळणी लावावी लागत नाहीं.

विजापुरास हीच गोष्ट मनोऱ्यांच्या रूपानें दिसते. मुहंमद आदिलशहानें १६५१ मध्यें बांधविलेल्या बेगम तलावाचें पाणी मातीच्या नळांनीं शहरांत येई, आणि नळांच्या वाटेवर पंचवीस ते चाळीस फूट उंचीचे चौकोनी मनोरे उभे केलेले असत. त्यांस 'गंज' म्हणत. खालून नळ मनोऱ्यांत शिरे, पाणी आंत आपल्या पातळीपर्यंत चढे, आणि पुढच्या नळानें निघून जाई. याचे फायदे तीन. खापरी नळावर पडणारा ताण मनोऱ्याच्या उंचीपुरताच राही, म्हणून नळ फुटत नसे. पाण्याबरोबर आलेली हवा उघड्या माथ्यांतून निघून जाई. आणि पाणी क्षणभर संथ झाल्यामुळें गाळ तळाशीं बसून वरचें निवळ पाणी पुढें जाई. पाण्याच्या वाटेंतली हवा आणि पाण्यांतला गाळ या दोन अडचणी एकाच मनोऱ्यानें निवारिल्या. आजच्या माशांच्या पेट्यांत निचऱ्याच्या उभ्या नळाच्या माथ्यावर एक लहानसें भोंक ठेवितात. तें बुजलें कीं नळ गुरगुरूं लागतो, पाणी क्षणांत तुंबतें आणि क्षणांत भसकन् ओढलें जातें. ज्यानें तें गुरगुरणें ऐकलें आहे त्यास गंजाचा उघडा माथा कशासाठीं हें निराळें सांगावें लागत नाहीं.

आणि मग पुणें. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत नहर आणविली. कात्रजला बंधारे दोन. वरच्या तलावांत गाळ बसावा आणि निवळलेलें पाणी खालच्या तलावांतून नहरींत जावें, अशी योजना. तेथून दगड-चुन्याचें बंदिस्त भुयार शहरांत येतें आणि हौदांस पाणी पुरवितें. काळा हौद, फडके हौद हीं नांवें पुणेंकरांच्या तोंडीं अद्याप आहेत. या भुयारावर अंतराअंतरावर जीं उभीं धुराडीं ठेविलीं आहेत, त्यांस आपल्या लोकांनीं दिलेलें नांव 'उच्छ्वास'. माणसानें उतरून गाळ काढण्यासाठीं त्यांचा उपयोग होई, हें खरें. परंतु नांव गाळावरून पडलेलें नाहीं. ओढ्याला पूर आला, भुयारांत पाणी एकदम वाढलें, तर पुढची हवा कोंडते आणि पाण्याची वाट अडविते. तिला बाहेर पडावयास दार हवें. हें दार ज्यांनीं बांधलें त्यांनीं पास्कालचें नांव ऐकलें असण्याचा संभव नाहीं. आकाशांतल्या हवेचें वजन किती, हा प्रश्न त्यांस कधीं पडला असेल असेंही वाटत नाहीं. पण नळांत कोंडलेली हवा आणि मोकळ्यावरची हवा या दोन वस्तु पाण्याच्या दृष्टीनें निराळ्या आहेत, हें त्यांनीं एका शब्दांत सांगून ठेविलें.

येथें आमच्यांतील अध्यापकास एक शल्य आहे. तोरिचेल्लीचें पत्र उरलें, पास्कालचा ग्रंथ उरला, बालियानीची तक्रारसुद्धां उरली. उच्छ्वासांचें अंतर किती ठेवावें, गंजाची उंची कशी ठरवावी, खापरी नळाचे सांधे कशानें भरावे, हें ज्या गवंड्यांनीं आणि पाथरवटांनीं ठरविलें त्यांचा एकही शास्त्रग्रंथ आमच्या वाचनांत आलेला नाहीं. बांधणारा आणि लिहिणारा यांमध्यें आपल्याकडे जी भिंत उभी राहिली तिला उच्छ्वास नव्हता. आणि ज्या वर्गानें लेखणी हातीं धरली, तो पुढें इंग्रजी शाळेंतला सारांश पाठ करून पाणचक्कीसमोर उभा राहिला आणि 'सायफन' म्हणाला. त्या वर्गांत आम्हीही आहों.

आतां गाळणीचा प्रश्न. हवेच्या दाबाचा निचऱ्याशीं जेवढा आहे त्याहून गाळणीशीं संबंध थोडा सूक्ष्म आहे. आपल्याकडे एकावर एक तीन मडकीं ठेवून, वरच्यांत कोळसा आणि मधल्यांत वाळू घालून, पाणी थेंबाथेंबानें गाळण्याची रीत जुनी. लंडनमध्यें चेल्सी वॉटरवर्क्ससाठीं जेम्स सिम्प्सन यानें १८२९ मध्यें वाळूची मोठी गाळणी चालू केली, तिचें तत्त्व याहून फारसें भिन्न नव्हतें. या दोन्हींत पाणी आपल्याच भारानें खालीं उतरतें. वरून हवा दाबते तशी खालच्या मोकळ्या तोंडावरही दाबते. म्हणून वादळानें गाळणी मंद होत नाहीं कीं वेगानें चालत नाहीं. परंतु वाळूचा वरचा थर गाळानें बुजत गेला आणि खालून पाणी मात्र ओढलें जात राहिलें, तर थराच्या पोटांत दाब बाहेरच्या हवेहूनही कमी होतो. मग पाण्यांत विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपानें सुटते, बुडबुडे वाळूच्या कणांमध्यें अडकतात, आणि गाळणी गाळानें नव्हे तर हवेनें बुजते. पाणीपुरवठ्याच्या कामावरील लोकांस हा अनुभव नेहमींचा आहे. येथेंही दोष वरच्या आकाशाचा नाहीं, आंत कोंडलेल्या हवेचा आहे.

माशांच्या पेटींत तर हवाच गाळणी चालविते. नळीच्या तळाशीं बुडबुडे सोडले कीं त्या नळींतलें पाणी-हवेचें मिश्रण भोंवतालच्या पाण्याहून हलकें होतें आणि वर चढतें. त्याच्या जागीं तळाच्या वाळूंतून गाळलेलें पाणी येतें. त्यासाठीं पंपास दगडावरच्या पाण्याचा भार तेवढा उचलावा लागतो; हातभर खोलीस हवेच्या दाबाचा पंचविसावा हिस्सा पुरे. कमी दाबाच्या पट्ट्याचा या हिशेबांतही काडीचा फरक नाहीं, कारण पंप हवा घेतो तीही त्याच उतरलेल्या दाबाची. एक गोष्ट मात्र खरी. पाण्यांत प्राणवायु किती विरघळेल हें हवेच्या दाबावर अवलंबून असतें. परंतु दाब शेंकडा एकानें उतरला तर प्राणवायूही शेंकडा एकच्या आसपास उतरतो. पावसापूर्वींच्या कोंदट दुपारीं मासे वर येऊन तोंडें वासतात तें मुख्यतः पाणी तापल्यामुळें, कारण ऊन पाण्यांत प्राणवायु कमी राहतो. आणि त्याच वेळीं वीज जाऊन बुडबुडे थांबलेले असतात म्हणून. परभणीच्या उन्हाळ्यांत ज्यानें दिवस काढले आहेत त्यास माशांच्या या दशेची कल्पना सहज येईल.

कांचेच्या पेटींत मासे ठेवण्याचा आजचा शोक तसा अलीकडचा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ मध्यें मत्स्यगृह उघडलें, आणि फिलिप गॉस याच्या १८५४ च्या पुस्तकानें 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला. पहिलीं कित्येक वर्षें मासे मरत आणि लोक पाणी बदलीत. १८७१ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मत्स्यालयांत विल्यम लॉइड यानें पाणी न बदलतां तेंच सतत फिरतें ठेवण्याची व्यवस्था केली. पेट्यांतून उतरलेलें पाणी जमिनीखालच्या मोठ्या अंधाऱ्या टाक्यांत जाई, निवळे, आणि पुन्हा वर चढविलें जाई. वरचा तलाव, खालचा तलाव, संथ पाणी, बसलेला गाळ: कात्रजच्या बंधाऱ्यांशीं तिचें साम्य लक्षांत येतें. मुंबईंत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्यें सुरू झालें आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं पहिला समुद्रांतला मासा तेथें पाहिला.

पेडगावाहून निघण्यापूर्वीं आम्हीं भाच्याकडून तीन गोष्टी करविल्या. पंप फरशीवरून उचलून पेटीच्या पाण्याहून उंच अशा फळीवर ठेविला, म्हणजे वीज गेली तरी पाण्यास खालीं उतरावयास वाटच राहिली नाहीं. पेटी कांठापासून चार बोटें कमी भरण्याचें ठरलें. आणि गाळणीचें पाणी परत पेटींत सोडणाऱ्या नळास पाण्याच्या पातळीच्या किंचित् खालीं एक बारीक भोंक पाडलें. वीज गेली आणि पाणी उलट ओढलें जाऊं लागलें, कीं पातळी थोडी उतरतांच त्या भोकांतून हवा आंत शिरते आणि ओघ तुटतो. भाचा त्या भोकास 'उच्छ्वास' म्हणतो. तें नांव त्यास आम्हीं शिकविलें. पण येथें हवा बाहेर जात नाहीं, आंत येते, हें त्यानेंच आमच्या नजरेस आणून दिलें.

सालगड्याच्या मुलास आम्हीं घडलेली चूक कोणाची ती सर्वांसमक्ष सांगितली. त्याच्या बापानें मान खालीं घातली, आम्हींही घातली. मुलगा म्हणाला, "मग आता मी पेटीजवळ येऊ का?" भाच्यानें त्याला जवळ बोलाविलें आणि नळी हातांत दिली. परवां मेहुण्यांचा फोन आला. वीज रात्रभर नव्हती; ओसरी कोरडी होती. मासे हल्लीं तोच मुलगा पाहतो, आणि पंपाच्या फळीला हात लावूं नये अशी त्यानें घरच्यांना ताकीद दिली आहे.